कॅनलवरच्या बोटीला लायसन्स फी किती असावी, याचा हिशोब स्वतः कसा मांडायचा

अप्पा, म्हणजे माझे सासरे, ठाण्यात सोळा वर्षं सोसायटीचे खजिनदार होते. मागच्या उन्हाळ्यात इंग्लंडला आमच्याकडे आले तेव्हा चार दिवस बोटीवर राहिले. पहिल्या दिवशी लॉकचं (म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्याचं) दार पाठ लावून ढकलायला मिळालं म्हणून खूष, दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मुद्द्यावर आले. "जावईबापू, बोट तुमची, डिझेल तुमचं, रंगरंगोटी तुमची, मग हे वर्षाला हजार पौंडाच्या वर लायसन्सचे कसले भरता?" मी म्हटलं अहो रोड टॅक्स असतो तसं. "तसं नाही चालत, कुठल्या हेडखाली किती ते सांगा." मला काही सांगता आलं नाही. सहा वर्षं पैसे भरतोय आणि सहा वर्षं फी वाढली की ग्रुपवर शिव्या घालतोय, पण हेड विचारलं तर शून्य.

मग आम्ही दोघांनी कागद घेऊन बसून ते केलं, आणि तेच इथे लिहितोय. फी वाढीचा सर्व्हे आला की निम्मे बोटवाले "फार महाग आहे" एवढंच लिहून पाठवतात, आणि त्याचं कुणी काही करू शकत नाही. तुम्ही हिशोब मांडून पाठवलात तर निदान त्याला उत्तर द्यावं लागतं.

आधी थोडी माहिती, ज्यांना नाही त्यांच्यासाठी. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कॅनल आणि काही नद्या, सगळं मिळून साधारण २००० मैल, कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही चॅरिटी बघते, २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेजकडून सगळा कारभार तिच्याकडे आला. स्कॉटलंड वेगळं, थेम्स वेगळी. ट्रस्टच्या पाण्यावर ३५ हजारांच्या आसपास बोटी आहेत, मालवाहतुकीच्या ऐन भरात होत्या त्याहून जास्त. फी लावायचा अधिकार १९६२ च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टमधून येतो, आणि लायसन्स कुणाला द्यायचं ते १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टमध्ये आहे: बोटीचं सेफ्टी सर्टिफिकेट हवं, इन्शुरन्स हवा, आणि एक तर बोट उभी करायची कायमची जागा म्हणजे होम मूरिंग हवं, नाहीतर तुम्ही खरोखर फिरत राहिलं पाहिजे, एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही (योग्य कारण असेल तर थोडं जास्त चालतं). हे फिरते म्हणजे कंटिन्युअस क्रूझर, बोलताना सगळे सीसी म्हणतात. सगळी भांडणं शेवटी ह्या सीसीपाशी येऊन थांबतात, तिकडे येतोच.

तर पहिलं काम, फी किती हा प्रश्न बाजूला ठेवा आणि कॅनलचा एकूण खर्च बोटींमुळे किती होतो ते वेगळं काढा. लोक इथेच चुकतात, ट्रस्टला एवढे एवढे कोटी कमी पडतायत म्हणून भागिले ३५ हजार बोटी, झालं. असं नसतं ना. उद्या एकही बोट राहिली नाही तरी कॅनल बंद करून कुलूप घालता येत नाही, तो पाण्याने भरलेला दोनशे वर्षं जुना खड्डा आहे आणि कित्येक ठिकाणी तो गावाच्या वरून, बांधावरून जातो. ऑगस्ट २०१९ ला व्हेली ब्रिजला काय झालं ते आठवा, टॉडब्रूक धरणाचा सांडवा पावसात उखडला, खालच्या गावातले दीड हजारांच्या आसपास लोक घरं सोडून गेले आणि हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने खडीच्या गोण्या आणून टाकल्या. ते धरण कॅनलला पाणी पुरवायलाच बांधलेलं, पण त्याच्या दुरुस्तीचं बिल बोटवाल्याने भरायचं का? माझ्या मते नाही, किंवा अगदी थोडा भाग. बोटी नसत्या तरी ते धरण सुरक्षित ठेवावंच लागलं असतं.

म्हणून कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात तो खर्च जो बोट नसली तरी होणारच: धरणं, बांध, पूल, पुराचं पाणी वळवणं. दुसऱ्यात फक्त बोटींमुळे होणारा: लॉकची दारं (ओकची असतात, काही टन वजनाची, पंचवीसेक वर्षांत बदलावी लागतात, वेकफिल्डजवळ स्टॅनली फेरीला त्यांचं वर्कशॉप आहे, बघण्यासारखं), गाळ काढणं, पिण्याच्या पाण्याचे नळ, एल्सन म्हणजे टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा, कचरा, आणि कुठली बोट कुठे किती दिवस उभी आहे ते बघायला बोटींचे नंबर टिपत फिरणारी माणसं. तिसरा रकाना दोघांच्या मधला, जसं टोपाथ, कॅनलच्या काठची वाट. ती पूर्वी बोट ओढणाऱ्या घोड्यांची, आता तिच्यावर बोटवाले कमी आणि सायकलवाले, कुत्रेवाले, गळ टाकून बसलेले जास्त. चालणारा एक पैसा देत नाही आणि देऊही नये, तो भाग सरकारी अनुदानातून यायला पाहिजे.

अनुदानाची गोष्ट इथेच लिहून ठेवा, कारण सध्याच्या सगळ्या वाढीचं मूळ तिथे आहे. २०२७ पर्यंत ट्रस्टला वर्षाला ५ कोटी पौंडांच्या वर मिळतात, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०२७ ते २०३७ ह्या दहा वर्षांसाठी मिळून ४० कोटी देऊ आणि तेही दरवर्षी कमी करत नेऊ. महागाई धरली तर हा तीस कोटींहून जास्तीचा फटका आहे असं ट्रस्टचं म्हणणं. म्हणजे सरकारने पहिल्या रकान्यातून हात काढून घेतला की तो खर्च हळूच दुसऱ्या रकान्यात सरकतो. फी वाढीच्या कागदात हे सरकणं शोधायचं असतं. आणि उत्पन्नाच्या बाजूला फक्त बोटी नाहीत हेही लिहा: ट्रस्टची प्रॉपर्टी आहे, टोपाथखालून फायबरच्या केबल गेल्यात त्याचे पैसे येतात, ग्लॉस्टर शार्पनेस कॅनलचं पाणी तर ब्रिस्टल शहर पितं. अप्पांना हे फार आवडलं. "म्हणजे गच्चीवर मोबाईल टॉवर आहे सोसायटीच्या," म्हणाले.

आता दुसरं काम, दुसऱ्या रकान्यातला खर्च बोटींमध्ये कशाच्या मापाने वाटायचा. इथे मात्र खरी मजा आहे आणि इथे वेळ घालवा.

पूर्वी प्रश्न सोपा होता. मालाच्या बोटी होत्या, टोल टनामागे मैलामागे. आणि टन किती ते कसं कळायचं, तर टोल क्लार्क एक गेजिंग स्टिक घेऊन बोटीच्या कडेला चार ठिकाणी पाण्याच्या वर किती इंच कोरडं आहे ते मोजायचा, सरासरी काढायचा आणि त्या बोटीच्या टेबलमध्ये बघायचा, बोट जितकी बुडलेली तितका माल. फसवायला फार जागा नाही. पण टोल कितीही नीट मोजला तरी त्यावरून होणाऱ्या भांडणाला तोड नव्हती, बर्मिंगहॅमला गॅस स्ट्रीट बेसिनमध्ये गेलात तर वॉर्स्टर बार बघा. दोन कंपन्यांचे कॅनल शेजारी शेजारी येऊन भिडले आणि बर्मिंगहॅमवाल्यांना भीती की आपलं पाणी आणि टोल दोन्ही जाईल, म्हणून मध्ये सात फुटाचा बांध ठेवला, आणि १८१५ मध्ये त्यात लॉक केलं जाईपर्यंत माल ह्या बोटीतून उचलून त्या बोटीत टाकायचे. सात फुटासाठी!

आता माल नाही, राहणारे आणि फिरणारे लोक आहेत, मग मोजायचं काय? बरीच वर्षं फक्त लांबी मोजायचे. त्याला कारण होतं, सगळ्या बोटी नॅरोबोट, रुंदी ६ फूट १० इंच, कारण नॅरो लॉक सातच फूट रुंद. रुंदी सगळ्यांची एकच म्हटल्यावर लांबी मोजली की क्षेत्रफळ आपोआप आलं. मग वाइडबीम आल्या, १०-१२ फूट रुंद, आत दोन बेडरूम, आणि फी मात्र तेवढ्याच लांबीच्या नॅरोबोटीएवढी. एप्रिल २०२० पासून ट्रस्टने रुंदीचा सरचार्ज लावला, २.१६ मीटरच्या वर एक पट्टा आणि ३.२४ मीटरच्या वर दुसरा, सुरुवात ५ आणि १० टक्क्यांनी, पुढे १० आणि २० पर्यंत न्यायचं ठरवलं, आणि २०२४ पासून त्याहून वर चढवायला घेतलं. थेम्सवर एन्व्हायर्नमेंट एजन्सी सरळ लांबी गुणिले रुंदी लावते.

क्षेत्रफळ ऐकायला एकदम न्यायाचं वाटतं, पण लगेच हो म्हणू नका. प्रत्येक खर्चाला विचारा की तू कशाने वाढतोस. काठावरची जागा लांबीने खाल्ली जाते, रुंदीने नाही (अर्थात वाइडबीम अरुंद जागी उभी केली की समोरून येणाऱ्याचे हाल होतात, ते वेगळं). गाळ काढायचा खर्च बोट किती खोल बुडते त्यावर. नळ आणि एल्सन हे बोटीवर माणसं किती आणि वर्षातले किती दिवस राहतात त्यावर. आणि लॉकचं गणित तर सगळ्यात वेगळं: नॅरो लॉक एकदा भरून रिकामं केलं की साधारण २५ हजार गॅलन, म्हणजे लाखाच्या वर लिटर पाणी खाली जातं, आत ७० फुटी बोट असो की २३ फुटी प्लॅस्टिकची होडी, पाणी तेवढंच जातं, दारं तेवढीच झिजतात. म्हणजे इथे छोट्या बोटीने अर्धी फी देणं हेच खरं तर अन्यायाचं. उलट ग्रँड युनियनसारख्या कॅनलवर लॉक १४ फुटी, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी लावून एका पाण्यात जातात, आम्ही नेहमी मागच्या बोटीसाठी थांबतो, पण पुढे १२ फुटी वाइडबीम असली की ती एकटीच जाणार, दुसऱ्याला जागाच नाही. म्हणून रुंदीचा सरचार्ज मला पटतो. शेजारच्या वाइडबीमवाल्याला पटत नाही, त्याचं म्हणणं मी नॅरो कॅनलवर जाऊच शकत नाही, अर्धं नेटवर्क मला बंद, मग जास्त पैसे कसले? ह्या म्हणण्यातही दम आहे हो. नुसतं मोठा आहे म्हणून जास्त असं लिहिलंत तर तो तुम्हाला उडवून लावेल, लॉकच्या पाण्याचं आणि दारांचं कारण द्या.

अप्पांचं ह्यावर लगेच उत्तर होतं. आपल्याकडच्या सोसायटीच्या उपविधींमध्ये हेच केलेलं आहे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि साइझवर, लिफ्ट सगळ्यांना सारखी, सर्व्हिस चार्ज फ्लॅटमागे सारखा, दुरुस्ती फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या टक्क्यात. एकच माप सगळ्या हेडना लावत नाहीत. तरी दर वर्षी जनरल बॉडीत टू बीएचकेवाले आणि वन बीएचकेवाले भांडतात ते भांडतातच, पण निदान हेडवर भांडतात.

तिसरं काम म्हणजे चार प्रकारच्या बोटी घेऊन गणित करणं, ह्याशिवाय काहीही पाठवू नका. आकडे खरे नकोत, सोपे घ्या. आम्ही १०० बोटींचा एक खोटा कॅनल घेतला. ६० बोटी ५७ फुटी नॅरोबोट, मरिनात म्हणजे बोटींच्या पार्किंगसारख्या बंदरात उभ्या, उन्हाळ्यात फिरणाऱ्या. २० तशाच ५७ फुटी, पण सीसी, वर्षभर राहणारे. १० वाइडबीम ५७ फुटी, होम मूरिंगवाल्या. आणि १० छोट्या २३ फुटी, त्याही सीसी. फुटाला २० पौंड लावले तर ५७ फुटीला ११४० आणि छोटीला ४६०, एकूण जमा १,०७,२००. हा झाला पाया. आता नियम असा की कुठलीही नवी पद्धत आधी एवढेच पैसे गोळा करणारी बनवायची, मग बघायचं कुणाचा खिसा हलका झाला. पद्धत बदलणं आणि फी वाढवणं ही दोन कामं एकाच कागदात आली की काहीच कळत नाही, आणि मला कधी कधी वाटतं न कळावं म्हणूनच ती एकत्र येतात.

लॉकचं पाणी सगळ्यांना सारखं म्हणून मी म्हटलं थोडी फिक्स फी लावू आणि वर फुटाला १५ पौंड. तेवढीच जमा यायला फिक्स फी २६८ बसते. मग ५७ फुटीला ११२३, म्हणजे १७ पौंड कमी. आणि २३ फुटीला ६१३, म्हणजे १५३ पौंड जास्त, एक तृतीयांश वाढ! तत्त्व बरोबर होतं हो माझं, पण ९० जणांना एका पिझ्झ्याएवढी बचत देऊन दहा जणांचं कंबरडं मोडलं, आणि २३ फुटी बोटीत वर्षभर कोण राहतं ते टोपाथवर जाऊन बघा, हौसेने राहणारे थोडे, दुसरीकडे भाडं परवडत नाही म्हणून राहणारे बरेच. मी ती आयडिया खोडली. पूर्ण खोडली नाही, फिक्स भाग ठेवला पण खूप छोटा.

वाइडबीमला २० टक्के लावले की तिची फी १३६८, दहा बोटींचे मिळून २२८० जास्त येतात, आणि ते बाकीच्यांना वाटून दिले तर प्रत्येकाला पंचवीसेक पौंडांचा फरक पडतो. शुद्ध क्षेत्रफळ लावलं तर? स्क्वेअर फुटाला ३ पौंड धरा, ५७ फुटी नॅरोबोट ११६८ च्या आसपास आणि १२ फुटी वाइडबीम २०५२. मला हे जास्त वाटतं, वाइडबीम लॉकमधली जागा जास्त घेते पण दुप्पट गाळ उपसायला लावत नाही. म्हणून पट्ट्यांची पद्धत बरी. पण तिची खोडी अशी की रेघेच्या एक इंच अलीकडे काही नाही आणि एक इंच पलीकडे एकदम उडी, मग लोक टेप घेऊन बोटीच्या कडेची पट्टी रुंदीत धरायची की नाही यावर वाद घालतात.

आता सीसी. इथे डोकं थंड ठेवून लिहावं लागतं, कारण दोन्ही बाजू एकमेकांना फुकटे म्हणतात. ट्रस्टने २०२३ मध्ये सर्व्हे घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की होम मूरिंग नसलेल्यांना एप्रिल २०२४ पासून ५ टक्के सरचार्ज, आणि तो वाढत वाढत २०२८ च्या एप्रिलपर्यंत २५ टक्के. कारण असं दिलं की हे लोक नेटवर्क जास्त वापरतात. नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशनने विरोध केला, मोर्चेही निघाले, त्यांचं म्हणणं ज्यांचं बोट हेच घर त्यांच्यावर हा दंड आहे.

ह्याचा हिशोब करताना मूरिंगचे पैसे आणि लायसन्सचे पैसे वेगळे ठेवा, नाहीतर गोंधळ होतो. मरिनावाला म्हणतो मी वर्षाला दोन-तीन हजार मूरिंगचे देतो आणि सीसी शून्य. खरंय, पण त्या पैशात त्याला जेटी, वीज, पार्किंग, गेटला कुलूप मिळतं, आणि मरिना खाजगी असेल तर त्यातला बहुतेक भाग ट्रस्टकडे जातच नाही. म्हणजे तो लायसन्सचा जास्त भार उचलतोय असं नाही, तो दुसरी वस्तू विकत घेतोय. दुसऱ्या बाजूने सीसीने हेही मान्य करावं की वर्षाचे ३६५ दिवस टोपाथच्या कडेला उभं राहणं, फुकटचा नळ, एल्सन आणि कचरा हा वापर सहा आठवडे फिरणाऱ्यापेक्षा जास्तच आहे. मग तो किती जास्त? इथे माझं मत: नळ, एल्सन, कचरा, काठ आणि नंबर टिपणारी माणसं एवढेच हेड घ्या, त्यांची बेरीज दुसऱ्या रकान्याच्या किती टक्के येते ते काढायला ट्रस्टला सांगा, आणि सरचार्ज तेवढ्याचाच असू दे. लॉक आणि गाळाचं ओझं सीसीवर जास्तीचं टाकायला कारण नाही, कारण लॉक वर्षभरात जास्त कोण वापरतं, १४ दिवसांनी पाच मैल सरकणारा की ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांत शंभर लॉक करणारा हौशी? (तो हौशी मी आहे.)

आमच्या खोट्या कॅनलवर २५ टक्के सरचार्ज लावला की ५७ फुटी सीसीला २८५ आणि २३ फुटीला ११५ जास्त पडतात, मिळून ६८५० येतात. तेच पैसे सगळ्यांना ६.४ टक्के वाढ करून येतात, ५७ फुटीला ७३ पौंड. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या. आणि पुढचंही लिहा: २० पैकी ५ जणांनी कुठेतरी स्वस्तातलं मूरिंग नावाला घेतलं आणि तिथे कधी गेलेच नाहीत, बोटवाले ह्याला घोस्ट मूरिंग म्हणतात, तर १४२५ पौंड गळाले. सरचार्ज जितका मोठा तितकं घोस्ट मूरिंग परवडायला लागतं.

अप्पांनी ह्यावर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसची आठवण काढली. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायट्या मालकाकडून वाट्टेल तेवढे उकळायच्या, शेवटी २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांच्या वर घ्यायचे नाहीत असं बांधून टाकलं. जनरल बॉडीत भाडेकरू ठेवणारे कमी आणि स्वतः राहणारे जास्त, मग मत कुणाच्या बाजूने पडणार? सर्व्हेचंही तसंच, होम मूरिंगवाले जास्त आहेत, सीसी कमी, "सीसीला जास्त लावू का" विचारल्यावर उत्तर ठरलेलंच. त्यामुळे सर्व्हेत इतके टक्के लोक हो म्हणाले हा आकडा कुणी न्यायाचा पुरावा म्हणून समोर ठेवला तर हेच विचारा की होम मूरिंगवाले किती आणि सीसी किती होते. इथेही कायद्यात एक जुनी मर्यादा आहे बरं का, १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टप्रमाणे फक्त नदीवर बोट ठेवणाऱ्याला लागणाऱ्या सर्टिफिकेटची फी त्याच बोटीच्या कॅनल लायसन्सच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे वरची मर्यादा लिहून ठेवणं काही नवीन नाही, सरचार्जलाही ती मागा.

ऐपत हा मुद्दा लायसन्समध्ये आणायचा की नाही? मी बराच विचार केला आणि माझं उत्तर थोडंसं असं आहे. बोटीच्या लांबीवरून माणसाची ऐपत कळत नाही, ७० फुटी जुन्या पत्र्याच्या बोटीत कफल्लक माणूस असतो आणि ४० फुटी नव्या बोटीत रिटायर्ड सर्जन. उत्पन्नाचे दाखले मागत बसायचं ट्रस्टचं काम नाही, त्यात पैसेही जातील. पात्र असेल त्याला सरकारी हाऊसिंगच्या मदतीत लायसन्स फी धरता येते, बऱ्याच जणांना माहीतच नसतं, लायसन्स रिन्यूअलच्या कागदातच ते मोठ्या अक्षरात छापलं तर फुकटात काम होईल. दुसरं म्हणजे एकरकमी वेळेत भरणाऱ्याला सूट आणि हप्त्याने भरणाऱ्याला पूर्ण फी, ही सूट आपोआप ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याला जाते, ती काढून हप्ते सोपे करा असं मी लिहिलं. इलेक्ट्रिक बोटींना सूट असते त्याला माझी हरकत नाही, पण प्रत्येक सूट म्हणजे दुसऱ्याची वाढ, तेव्हा सूट किती लोकांना आणि किती पौंडांची हे आकडे मागा.

अपंग किंवा आजारी बोटवाल्याच्या बाबतीत मात्र सूट वगैरे शब्द नकोत. तो १४ दिवसांत हलू शकत नसेल तर इक्वॅलिटी ॲक्टखाली त्याला ॲडजस्टमेंट मिळते, तो हक्क आहे, आणि हलता येत नाही म्हणून फिरण्यावरचा सरचार्ज त्याने भरायचा हे मला काही केल्या समजत नाही.

वसुलीचंही बघा. फी इतकी वाढली की लोक लायसन्सच काढेनासे झाले तर शेवटी सेक्शन ८, म्हणजे १९८३ च्या ॲक्टमधलं कलम, त्याखाली बोट पाण्यातून काढतात, कोर्ट, क्रेन, ट्रेलर, सगळ्याचा खर्च बाकीच्यांच्या फीमधून. एखाद्याचं घर क्रेनने उचलताना मी एकदा बघितलंय, कठड्याला लावलेल्या कुंड्या तशाच होत्या. त्यामुळे वाढ कितीही योग्य असली तरी टप्प्याने, आणि पुढच्या तीन वर्षांचे आकडे आधी सांगून.

प्रत्यक्ष उत्तर लिहिताना दोन पानांच्या वर जाऊ नका. वर तीन रकाने, खाली चार बोटींचं टेबल, मग तुमची पद्धत आणि तिच्यात कुणाचं नुकसान होतं ते तुम्हीच लिहा, दुसऱ्याने शोधायच्या आधी. माझ्या पद्धतीत ५७ फुटी मरिनावाल्याचं, म्हणजे माझंच, साधारण ३० पौंडांनी वाढतं, ते मी ठळक करून लिहिलं. शेवटी मागणी एकच ठेवा, ट्रस्टने दरवर्षी दुसऱ्या रकान्याचा खर्च हेडवार छापावा.

अप्पा परत गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न हाच होता, "हेडवार आलं का?" अजून आलेलं नाही. लायसन्सचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे, तेव्हा परत विचारतील.